डब्यातलं पाणी

११ मार्च, सोमवार

लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या डोक्यात जे घोंघावतं ते मला ऑफिसात असताना सांगत जाऊ नकोस, मलाच धडकी भरते. वहीत लिहून काढ." म्हणून ही वही. ह्यांच्या कपाटात पावसाच्या नोंदींच्या कोऱ्या वह्या उरल्या आहेत, त्यातलीच एक घेतली. आकड्यांसाठी आखलेल्या रकान्यांवरून मी खुशाल आडवं लिहितेय. हे असते तर चिडले असते.

मी जन्माची भित्री. कुकरची शिटी झाली तरी दचकते. चोपन्न वर्षांची झाले तरी माझा थोरला भाऊ, दादा, मला अजून "भित्रे" म्हणूनच हाक मारतो. पण यंदा भ्यायला कारण आहे. गावाचा सगळा कांदा उपटून शेतात पसरलाय. पातीकडच्या माना वाळेपर्यंत आठवडाभर तो तसाच उघड्यावर असतो, आणि त्या आठवड्यात कुणी आभाळाकडे बघून मोठ्याने बोलत नाही. कालपासून हवा अशी दमट झालीय की शिवणयंत्राचं चाक हाताला चिकटतं.

लेक म्हणते सगळं नीट लिही, म्हणून नीट लिहिते. आमच्या अंगणात, जाळीच्या कुंपणात, सरकारी पर्जन्यमापक आहे. वर नरसाळं, त्याखाली बाटली, बाटलीभोवती पत्र्याचा डबा. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मापाच्या ग्लासाने मोजायचं, वहीत लिहायचं आणि फोनवरून कार्यालयाला कळवायचं. सव्वीस वर्षं हे काम ह्यांनी केलं. ते गेल्यावर, दीड वर्षापूर्वी, ते माझ्याकडे आलं. मानधन नावापुरतं आहे, पोट शिवणावर चालतं. पण गावाचा पीकविमा ह्याच आकड्यावर ठरतो. काढणीच्या दिवसांत चोवीस तासांत एकशे दहा मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर भरपाई. एकशे दहाला नाही. एकशे नऊला तर मुळीच नाही. म्हणून साडेआठ वाजत आले की मी शिवण सोडून घड्याळाकडे बघत बसते.

आज दादा आला होता. जाळीशी उभा राहून म्हणाला, "डब्यात पाणी बिणी साचतं का गं?"

"साचलं तर ओतून देते, मापायच्या आधी. ह्यांनी तसंच शिकवलंय. डब्यात दव उतरतं, जमिनीची ओल येते, ते आकड्यात धरायचं नाही."

तो काहीतरी बोलणार होता, मग पाणी मागितलं, प्यायला आणि गेला. दादाचं असंच आहे. तोंडातलं तोंडात ठेवायचं. नऊ वर्षांपूर्वी एका पावसात कांदा गेला तर त्याने हाय खाल्ली आणि विहिरीजवळचं चांगलं शेत विकून मोकळा झाला. हे तेव्हा म्हणाले होते, शेती धिराचं काम आहे, तुझ्या दादाला धीर नाही. मला वाईट वाटलं होतं, पण खोटं तरी काय होतं त्यात?

१३ मार्च, बुधवार

दुपारपासून काळं भरून आलंय. ताडपत्री कुठे मिळेना. दादाकडे एक आहे, ती कांद्याच्या चौथाईवरही पुरणार नाही. मी शाळेच्या गणवेशांचं शिवण बाजूला ठेवलं आणि जुनी पोती उसवून त्यांची चादर शिवली. जाड सुई दोनदा मोडली. पोत्यातून पाणी गळतं हे मलाही कळतं आणि दादालाही. तरी तो ती खांद्यावर टाकून घेऊन गेला.

वहिनी फाटकातून ओरडली, "टाके तरी दाट घातलेस ना गं!" आम्ही दोघी हसलो. मग आभाळ गडगडलं आणि हसू तिथेच राहिलं.

१४ मार्च, गुरुवार

काल दिवेलागणीला लागलेला पाऊस आज सकाळी सातला थांबला. मी रात्रभर पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, जसं काही पाणी घरात आलंच आहे.

साडेआठला कुंपणात गेले. पाऊस नव्हता तरी छत्री घेऊन. नरसाळं हातातून दोनदा निसटलं. बाटली काठोकाठ भरलेली. ती अलगद पायरीवर ठेवली. डबा उचलला तर केवढा जड! दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलावा लागला. जमिनीला ओल तरी किती चढावी! पायरीखाली ओतून दिला. मग बाटली मोजली. वीसचा ग्लास पाच वेळा भरला. मोठ्याने मोजलं, चूक नको म्हणून. बरोबर शंभर. फोनवर कळवलं, वहीत लिहिलं.

मग दादाच्या शेतावर गेले. कांदे पाण्यावर तरंगत होते आणि वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपलीने ते गोळा करत होती. टोपली भरली की बांधावर ओतायची, बांधावरून कांदे घरंगळत पुन्हा पाण्यात. दादा नुसता उभा होता. पोत्यांची चादर बाभळीला अडकून फडफडत होती. मी म्हटलं, "दादा, शंभर झाला."

तो म्हणाला, "बाटली शंभर."

"हो, बाटलीच. आणखी काय असतं?"

तो वहिनीच्या मदतीला पाण्यात उतरला.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी कांदेवाल्यांचा गटप्रमुख आला. बरोबर दहाबारा माणसं. चपला बाहेर न काढता सगळे अंगणात उभे राहिले. मी दारात, पाठीशी शिवणयंत्र. 

"काकू, आकडा किती म्हणालात?"

"शंभर."

"पुन्हा बघा. माझ्या अंगणात रिकामं पिंप होतं, ते..."

"पिंप म्हणजे माप नव्हे. ह्या घरात सव्वीस वर्षं चोख आकडा लिहिलाय."

मी एवढ्या ठसक्यात बोलले की मलाच नवल वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अजून दहा पडला असता तर देवाचं काय गेलं असतं?" कुणी हसलं नाही. गटप्रमुख वळला तेव्हा त्याची नजर वाळायला कुंपणावर उपड्या घातलेल्या डब्यावर गेली, पण त्याला त्यातलं काय कळतंय.

ते गेल्यावर दार लावून घेतलं. बोलले ठसक्यात, पण दुपारपर्यंत कडी काढली नाही.

१६ मार्च, शनिवार

आज नळाला पाणी आलं तेव्हा मोठ्या पातेल्यात कळशी ठेवली आणि तोटी सोडून शिवणाकडे वळले. आवाज बदलला म्हणून आले. कळशी भरून वाहत होती आणि तिचं पाणी पातेल्यात साचत होतं.

मी तिथेच बसले. तोटी बंद करायचंही सुचलं नाही.

कळशी भरली की कळशी भरलेलीच दिसणार, वर कितीही पाणी येवो. बाटली शंभराचीच आहे. ती शंभराच्या वर सांगूच शकत नाही. वरचं सांगायलाच तर डबा असतो. तो दव गोळा करायला ठेवलेला नाही. आणि मी तो छातीशी धरून पायरीखाली ओतून दिला.

हे वाक्य लिहिताना दरवाजाकडे बघतेय. कुणी वाचलं तर?

१७ मार्च, रविवार

कुंपणाला ओली चादर घातली, बाहेरून दिसू नये म्हणून. डब्यात ग्लासाने पाणी ओतत गेले आणि दर वेळी उचलून पाहिलं. गुरुवारी हातांना किती जड लागलं होतं ते आठवायचं. डोळे मिटून उचलायचा. एवढा? नाही, आणखी. एवढा? तीनदा केलं. एकदा छत्तीस भरलं, एकदा एकोणपन्नास, एकदा बेचाळीस. म्हणजे एकशे दहाच्या वर होता. नक्की होता. पण किती होता ते देवाला आणि माझ्या दंडांना ठाऊक.

शिवणाऱ्या बाईने मापात चुकावं! छातीचं माप घ्यायचं आणि पोट विसरायचं, तसं केलं मी.

मग ह्यांच्या जुन्या वह्या काढल्या. वाटलं, त्यांच्या वेळी शंभराच्या वर गेलं तेव्हा त्यांनी काय केलं ते बघू. सव्वीस वर्षांत शंभराच्या वर एकदाही गेलेलं नाही. तीनदा बरोबर शंभर आहे. बरोबर शंभर. त्यातला एक नऊ वर्षांपूर्वीचा, दादाचा कांदा गेला तेव्हाचा. मी ती वही मिटून सगळ्यांच्या खाली ठेवली. तेव्हाचं आभाळ शहाणं होतं, शंभराला थांबत होतं, असं म्हणू. आताचं पिसाळलंय. सगळे तसंच म्हणतात.

मन शांत व्हावं म्हणून लेकीच्या जन्माच्या वर्षाची वही उघडली. त्या वेळी मी शहरातल्या दवाखान्यात अकरा दिवस होते, जगते की मरते अशी. हे अकरा दिवस माझ्या उशाशी. आणि तरी वहीत एक दिवस सुटलेला नाही. चार, शून्य, सात, दोन, त्याच सुरेख अक्षरात. केवढी निष्ठा! आणि मी एक डबा सांभाळू शकले नाही.

१८ मार्च, सोमवार

गावाला वास यायला लागलाय. सडक्या कांद्याचा वास पाण्याने जात नाही, कापडात बसतो. मी शिवलेले तीन गणवेश धुऊन पुन्हा वाळत घातले. तरी काय उपयोग, दोन आया येऊन गणवेशाचं कापड तसंच परत घेऊन गेल्या. "यंदा जुनेच घालतील काकू, उसवून लांब करून द्या." मी फुकट करून देते म्हटलं. गोणी भरणाऱ्या बायका पारावर बसून असतात, गोणीत भरायला कांदाच नाही. टेम्पोवाला सकाळपासून टेम्पो पुसतो. न्हाव्याने दुकान दुपारी बंद केलं, म्हणे लोकांच्या डोक्याला आता केस नाहीत, काळज्या आहेत. मी हसले आणि घरी येऊन रडले. हे सगळे एका डब्याच्या पाण्यासाठी बसून आहेत आणि त्यांना ठाऊक नाही.

संध्याकाळी वहिनी आली. दादाला शहरातल्या गोदामात हमालीचं काम मिळतंय, रविवारी निघणार. शेत कुणाला तरी कसायला देणार. "मग घाण कशाला ठेवायची? उद्याच ट्रॅक्टर लावून कांदा खड्ड्यात टाकतो म्हणाला," ती म्हणाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीवर गोणी. मी म्हटलं, "जरा थांबा ना." ती म्हणाली, "कशासाठी?"

तोंडाशी आलं होतं. तिचा हातही धरला होता मी. मग वाटलं, ही आता दादाला सांगेल, दादा गावाला, आणि उद्या माझ्या दारात दहाबारा माणसं, ह्या वेळी नुसती उभी राहणार नाहीत. "काही नाही," म्हटलं. "चहा घे."

१९ मार्च, मंगळवार

ट्रॅक्टरचा आवाज दिवसभर. खिडकी लावून घेतली.

गटप्रमुख एकटाच आला आणि आत येऊन बसला. हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, तक्रार केलीय आम्ही. गुरुवारी तपासणीला मॅडम येणार आहेत. वही बघतील. फोनवर गेलेला आकडा चुकू शकतो, वहीतला खरा धरतात. शेवटचं पान नव्याने लिहायला कितीसा वेळ लागतो? एकशे चाळीस लिहा. तुमचं अक्षर, तुमची सही. गाव तुमच्या पाया पडेल."

"आणि पकडलं तर?"

"कोण पकडणार? पाऊस मागे जाऊन मोजता येतो का?"

त्याला कळलंय का? डब्याबद्दल तो अक्षरही बोलला नाही. जाताना मात्र कुंपणापाशी क्षणभर थांबला.

२० मार्च, बुधवार

नवं पान लिहिलं. एकशे बेचाळीस. शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांखाली ठेवलंय.

ते खोटं तरी कुठे आहे? शंभर हेच खोटं आहे. बेचाळीस माझ्या हातांनी तीनातून एकदा सांगितलंय. पण मग आठवतं की एकदा छत्तीस सांगितलं आणि एकदा एकोणपन्नास. खरं सांगावं तर माझ्याकडे आकडाच नाही, नुसती चूक आहे. चूक घेऊन कुणाला भरपाई मिळते? आणि सांगितलं तर मॅडम विचारणार, असं कुणी शिकवलं. तीच भीती सगळ्यात मोठी आहे. काम जाईल, जाऊ दे. गाव बोलेल, बोलू दे. पण ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांचं नाव कसं घेऊ?

 लेकीचा फोन तीनदा वाजला, उचलला नाही.

२१ मार्च, गुरुवार

सगळं झालं. आजच लिहून टाकते, नाहीतर उद्या मी हे सोयीचं करून लिहीन.

मॅडम लेकीच्या वयाच्या. बूट चिखलाने बरबटलेले, दाराबाहेर काढून मोज्यांनी आत आल्या. मापक पाहिलं, नरसाळं समतल बसलंय का ते तपासलं, मग वह्या मागितल्या. दादा दारात येऊन उभा राहिला होता, गटप्रमुख खिडकीबाहेर. माझा हात शिवणयंत्राच्या खणावर.

त्यांनी जुन्या वह्यांपासून सुरुवात केली. पानं उलटत म्हणाल्या, "किती सुबक लिहिलंय. ताई, सव्वीस वर्षांत एकही दिवस सुटलेला नाही?"

घाबरलेल्या माणसाला बोलायला एक सुरक्षित जागा मिळाली की तो सुटतो. मी सुटले. "एकही नाही! हे कधी आजारी पडले नाहीत की गावाला गेले नाहीत. माझ्या बाळंतपणात अकरा दिवस शहरात होते, माझ्या उशाशी, खुर्चीवरच झोपायचे, एक दिवस हलले नाहीत. आणि तरी बघा ना, त्या अकरा दिवसांचासुद्धा एकही आकडा..."

आणि मीच माझ्या वाक्याला अडखळले.

पंचवीस वर्षं हे मी अभिमानाने सांगत आले. लेकीला सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, रविवारी ह्या वहीत लिहिलंसुद्धा. खुर्चीवर बसलेला माणूस इथे पाणी कसं मोजेल हे मला एकदाही सुचलं नाही. आज मात्र माझंच बोलणं माझ्या कानांनी ऐकलं. चार, शून्य, सात, दोन. ते माझ्या उशाशी बसून रचलेले आकडे होते, किंवा घरी आल्यावर.

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि ती वही हळूच बाजूला ठेवली. मग यंदाची उघडली. "आणि हा शंभर?"

खणातलं पान माझ्या बोटांखाली होतं. तेही रचलेलंच, त्याच घराण्यातलं. सुबक.

मी म्हटलं, "हा खरा नाही. बाटली भरून वाहिली होती. डब्यात पाणी होतं, ते मी न मोजता ओतून दिलं."

"किती होतं?"

"जड होतं."

खिडकीबाहेर गटप्रमुखाने कपाळावर हात मारून घेतला.

"डबा ओतायचा असं तुम्हाला कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादा बोलला. "कुणी नाही मॅडम. ती धांदरट आहे लहानपणापासून. घाबरली आणि ओतलं." दादा कधी कुणाच्या मध्ये बोलत नाही. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की त्याला ठाऊक आहे. आजचं नव्हे, कधीपासूनचं.

"ह्यांनीच शिकवलं," मी म्हटलं. "हे आधीपासून ओतायचे. वहीत तीन वेळा बरोबर शंभर आहे. तेही बघा."

मग मॅडमनी समजावलं. आकडा बाद. मी तसं लिहून सही करायची. आकडा बाद झाला की नियमाप्रमाणे शेतात जाऊन पाहणी करावी लागते, नुकसान डोळ्यांनी बघून ठरतं. "मिळेलच असं मी म्हणत नाही. पण पाहणी होईल. कांदा शेतातच आहे ना सगळ्यांचा?"

खिडकीतून गटप्रमुख म्हणाला, "आहे, आहे! बहुतेकांचा आहे. एक-दोघांनी टाकला असेल फक्त."

मी दादाकडे बघू शकले नाही. मंगळवारचा ट्रॅक्टर माझ्या कानात सुरू झाला होता. सोमवारी वहिनीने विचारलं होतं, कशासाठी थांबायचं. मी तिला चहा दिला होता.

२२ मार्च, शुक्रवार

पाहणीची माणसं बांधाबांधाने फिरतायत, सडका कांदा फोडून बघतायत, फोटो काढतायत. दादाच्या शेतात नुसता नांगरल्यासारखा चिखल. तिथे ते थांबलेसुद्धा नाहीत. कांदा दिसला नाही तर ते लिहिणार काय?

मी दादाच्या घरी गेले. तो पेटी बांधत होता. मी उंबऱ्यातच बसले.

"तू कधी पाहिलंस?"

"नऊ वर्षं झाली. आकडा विचारायला आलो होतो सकाळी. ते डबा ओतत होते."

"आणि बोलला नाहीस? विहिरीजवळचं शेत विकलंस दादा!"

"तुझं घर होतं गं ते. मी बोललो असतो तर गावाने त्यांना उभं राहू दिलं असतं का? आणि तुला?" दोरीला गाठ मारत म्हणाला, "बरं, तेव्हा गप्प बसलो ते ठीक. ते गेल्यावर तुला तरी सांगायला हवं होतं. अकरा तारखेला आलो होतो तेवढ्यासाठीच. तू म्हणालीस, ह्यांनी तसंच शिकवलंय, आणि एवढ्या कौतुकाने म्हणालीस की मी पाणी पिऊन आलो. म्हणजे अर्धा डबा मी ओतलाय, भित्रे. एकटी वाहू नकोस."

मी खूप रडले. वहिनीने काम थांबवलं नाही. ती माझ्याशी बोललीही नाही, आणि तिचं बरोबर आहे. निघताना फक्त म्हणाली, "सोमवारी बोलली असतीस तर." 

घरी येऊन ह्यांचा फोटो पुसला. राग येतोय आणि तरी रोजच्यासारखाच पुसला गेला. अकरा दिवस ते खुर्चीवरून हलले नव्हते, हेही खरंच होतं.

मग नऊ वर्षांपूर्वीची वही काढली आणि त्या शंभरापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "आकडा चुकीचा. डब्यातले पाणी मोजलेले नाही." मॅडमना त्याचा फोटो पाठवला. विकलेलं शेत त्याने परत येत नाही, ठाऊक आहे. खणातलं पान चुलीत घातलं.

२४ मार्च, रविवार

दुसरा माणूस नेमेपर्यंत काम माझ्याकडेच आहे. पहाटे थोडा शिडकावा झाला आणि तेवढ्यानेही मला थंडी वाजून आली. आता प्रत्येक ढगाला भिते, आणि प्रत्येक आकड्यालाही.

दादाची बस नऊची होती. साडेआठला तो पेटी खांद्यावर घेऊन आला, पेटी जाळीला टेकवली आणि कुंपणात शिरला. मी बाटली काढली. ग्लासात ओतली. चार.

डब्याला हात लावायला माझं धाडस होईना. तो म्हणाला, "उचल." मी उचलला. हलका होता. दोघांनी वाकून आत पाहिलं, मग मी तो ग्लासावर उपडा धरला आणि आम्ही वाट बघत राहिलो. थेंबही पडला नाही.

"लिही," तो म्हणाला.

मी चार लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "डबा पाहिला. कोरडा." दादाने ते वाचलं, पेटी उचलली आणि बसकडे गेला.